चित्र काढणं आणि चित्र वाचणं: अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत गावात राहून काय करता येईल

वरोरा तालुक्यातल्या एका खेड्यातून अकरावी कला शाखेला असलेली मुलगी विचारते: "मॅडम, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला मला बी ग्रेड मिळाली. पुढे बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी, करायचं आहे, पण आमच्या कॉलेजात चित्रकला विषयच नाही. काढायचा सराव मी घरी करते. रसग्रहणात मात्र काय लिहायचं ते कळत नाही. चित्र समोर आलं की 'रंगसंगती छान आहे' याच्या पुढे मला शब्दच सुचत नाही. गावात राहून हे शिकता येईल का? आणि बाबा विचारतात, याचं पुढे काय होणार?"

शिकता येईल. मी कलाशिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि माझी बहुतेक नोकरी याच भागात गेली, म्हणून हे खात्रीने सांगते.

आधी नियमांचं बोलू, कारण अर्धवट माहितीपायी मुलींचं वर्ष वाया जातं. राज्य मंडळाच्या बारावीच्या यादीत ड्रॉइंग, डिझाइन अँड कलर, पिक्टोरियल कॉम्पोझिशन आणि हिस्टरी ऑफ आर्ट अँड ॲप्रिसिएशन असे विषय आहेत. आपल्याकडच्या बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत ते शिकवायला माणूसच नसतो, म्हणून ते मुलांपर्यंत पोचत नाहीत. पण विषय घेतला नाही म्हणून बीएफएला अडत नाही. कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय असावा लागतो, आणि किमान टक्केवारी त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. ती पुस्तिका स्वतः वाच, कुणाच्या सांगण्यावर राहू नको. प्रवेश राज्याच्या सीईटीतून, म्हणजे प्रवेश परीक्षेतून, होतो. वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र हे तीन पेपर हाताचे आणि चौथा सामान्य ज्ञानाचा. आपल्याला सर्वांत जवळचं शासकीय चित्रकला महाविद्यालय नागपूरला आहे आणि तिथली फी खासगी महाविद्यालयांच्या मानाने बरीच कमी असते.

अभ्यासाला नकाशा हवा असेल तर सीबीएसईच्या पेंटिंग विषयाचा अभ्यासक्रम उतरवून घे. त्यात प्रात्यक्षिकाला ७० आणि लेखीला ३० गुण असतात. अकरावीला प्रागैतिहासिक चित्रांपासून सिंधू संस्कृती, अजिंठा, मंदिरशिल्प असा प्रवास आहे. बारावीला राजस्थानी, पहाडी, मुघल आणि दख्खनी लघुचित्रं, मग बंगाल शैली आणि आधुनिक कला. परीक्षा ती द्यायची नसली तरी क्रम उपयोगाचा आहे. एनसीईआरटीची कलेतिहासाची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात, हिंदीतही आहेत.

आता तुझ्या खऱ्या अडचणीकडे येते. काढणं म्हणजे सराव आणि रसग्रहण म्हणजे पाठांतर, असे दोन वेगळे कप्पे तू मनात केलेस असं तुझ्या प्रश्नावरून वाटतं. शाळेने ते तसे करून ठेवलेत, तुझा दोष नाही. माझ्या मते हे एकच काम आहे. चित्र काढणारा सतत निवड करत असतो: क्षितिज कुठे ठेवू, माणूस किती मोठा घेऊ, उजेड कुठून आणू, काय गाळू. चित्र वाचणारा त्याच निवडी उलट्या दिशेने शोधत जातो. ज्याने स्वतः क्षितिज वर-खाली करून पाहिलं नाही, त्याला दुसऱ्याच्या चित्रातलं क्षितिज दिसतच नाही. ते तिथे असतं एवढंच. म्हणून रसग्रहण सुचत नसेल तर त्याचं औषध मार्गदर्शिकेत मिळणार नाही, तुझ्या हातातल्या पेन्सिलीतच ते आहे.

एक चित्र घेऊन दाखवते. फोनवर झाँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं 'द ग्लीनर्स' काढ. चित्र १८५७ सालचं, तैलरंगातलं, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. पीक निघून गेल्यावर वावरात सरवा वेचणाऱ्या तीन बाया. हे मुद्दाम निवडलं, कारण सरवा म्हणजे काय ते तुला समजावून सांगावं लागणार नाही.

पहिलं काम म्हणजे चित्राचं माप भिंतीवर काढ. ८३.५ सेंटिमीटर उंच, १११ सेंटिमीटर रुंद. खडूने चौकट आख आणि चार पावलं मागे जाऊन उभी राहा. फोनवर सगळी चित्रं हाताच्या पंजाएवढीच दिसतात. लघुचित्र आणि लेण्यातली भिंत यांच्यातला फरकच मरून जातो. म्हणून प्रत्येक चित्राच्या वेळी हे कर.

दुसरं काम लिहिण्याचं, पण अर्थाला अजून हात लावायचा नाही. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं. तीन बाया आहेत. दोघी कमरेतून पूर्ण वाकलेल्या, उजवीकडची अर्धवट वाकलेली. चेहरे जवळपास दिसतच नाहीत. डावीकडच्या बाईने एक हात पाठीमागे घेतलाय. डोक्याला फडके बांधलेत. पायाशी तुरळक काड्या. लांब मागे मोठमोठ्या गंजी, भरलेली गाडी, मजुरांची गर्दी, आणि उजव्या अंगाला घोड्यावर बसलेला एक माणूस. या यादीत 'बिचाऱ्या', 'कष्टाळू', 'सुंदर' असा एकही शब्द येऊ देऊ नको. यादी पानभर झाली पाहिजे. अर्ध्या पानात संपली तर तू पुरेसं पाहिलेलं नाहीस, परत बघ.

तिसरं काम म्हणजे या गोष्टींचं एकमेकींशी नातं काय ते पाहणं. क्षितिज चित्रात बरंच वर आहे, त्यामुळे दोन्ही वाकलेल्या बायांच्या पाठी त्याच्या खालीच राहतात. आभाळ त्यांच्या वाट्याला येत नाही, त्या जमिनीतच असतात. पाठींची गोलाई मागच्या गंजींच्या गोलाईशी जुळते. मुबलक धान्य सगळं मागे, उजेडात, पण आकाराने लहान. बाया पुढे, मोठ्या, आणि त्यांच्या हाताशी जेमतेम मूठभर. दोघांच्या मध्ये मोकळी जमीन पसरलेली. ती रिकामी जागा मिलेने भरून काढली नाही. का, हा प्रश्न वहीत लिही, उत्तर नंतर.

आणि इथे तुझ्यासारख्या मुलीला एक गोष्ट आपसूक माहीत असते. दिवसभर वाकून काम केलं की हात आपोआप कमरेवर जातो. त्या डाव्या बाईचा मागे घेतलेला हात वेचलेली मूठ सांभाळायला आहे की कमरेला टेकू द्यायला? उजवीकडची बाई आत्ता वाकते आहे की कंबर सरळ करते आहे? ज्याने वावरात काम केलं नाही त्याला हे प्रश्न पडायला वेळ लागतो. तुला ते पहिल्या नजरेत पडू शकतात. खेड्यातल्या मुली हे सांगायला लाजतात, 'असलं काय लिहायचं' म्हणतात. बिनधास्त लिही. चित्रातल्या देहाचं असं ज्ञान कोणत्याही पुस्तकातल्या वाक्यापेक्षा मोलाचं आहे.

चौथ्या पायरीवर काळ आणि जागा येतात. फ्रान्समध्ये पीक निघाल्यावर उरलेलं वेचायची मुभा गरिबांना असे. चित्र १८५७ च्या पॅरिस सलॉनमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी कलाप्रदर्शनात, लागलं, तेव्हा १८४८ च्या क्रांतीला दहा वर्षंही झाली नव्हती. खाऊनपिऊन सुखी असलेल्या प्रेक्षकांना शेतातली गरिबी इतक्या मोठ्या आकारात, इतक्या गांभीर्याने समोर आलेली आवडली नाही. असा आकार आणि असा मान तोवर देवादिकांना, राजांना, वीरांना मिळत असे. ही माहिती यादीच्या आधी वाचली असतीस तर तू चित्रात फक्त तेवढंच शोधलं असतंस, म्हणून ती इतक्या उशिरा सांगितली. चित्रकाराचं चरित्र आधी वाचून मग चित्राकडे जाण्याची सवय फार नुकसान करते. डोळ्यांना काही कामच उरत नाही.

आता कुठे अर्थ. एक विधान कर आणि त्याला चित्रातला पुरावा जोड. उदाहरणार्थ: 'ज्यांच्या वाट्याला सगळ्यांत कमी आलं त्यांना मिलेने चित्रात सगळ्यांत जास्त जागा दिली, सुगी मागे लहान आहे आणि सरवा पुढे मोठा.' हे विधान उभं राहतं, कारण बोट ठेवून दाखवता येतं. दुसरी कुणी म्हणेल, 'उजेड इतका मऊ आहे आणि चेहरे लपवलेत, त्यामुळे कष्ट गोड दिसतात, त्यांची धार जाते.' हेही उभं राहतं, त्यालाही पुरावा आहे. दोघींनी भांडावं, त्यातच मजा आहे. पण 'या बाया मनातून रडत आहेत' हे उभं राहत नाही. चित्रात तसं काही नाही, ते तुझ्या मनातलं आहे. अर्थ अनेक असू शकतात, पण वाटेल तो अर्थ चालत नाही. मुलं आणि कधी कधी शिक्षकही इथेच घसरतात.

ही चार पानं झाली की पाचवं काम परत हाताचं. कापसाची वेचणी सुरू असेल तेव्हा वावरात जा. आधी धुऱ्यावर खाली बसून काढ. पऱ्हाट्या डोळ्यांपर्यंत येतील, क्षितिज खाली जाईल, आणि कमरेला झोळी बांधलेल्या बाया आभाळावर उंच उभ्या दिसतील. मग बंडीवर नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून तेच काढ. क्षितिज वर सरकेल, बाया ओळींमधले ठिपके होतील, पांढरं वावर मोठं होईल. वेचणी तीच, बायाही त्याच. पहिल्या चित्रात गोष्ट माणसांची होते, दुसऱ्यात पिकाची. दोन्ही शेजारी चिकटव आणि खाली लिही की तुला कोणतं खरं वाटलं आणि का. बाया काम करत असताना त्यांना विचारून काढ, आणि चित्र झालं की दाखव. ज्यांना काढलं त्यांचं मत वहीत आलं पाहिजे.

हा एक फेरा तुला रसग्रहणाच्या दहा मार्गदर्शिकांपेक्षा जास्त शिकवेल. महिन्याला एक चित्र असं घेतलंस तर दोन वर्षांत भरपूर होतात. घाई करून आठवड्याला चार चित्रं उरकू नको.

ग्रेड परीक्षांबद्दल थोडं कडक बोलते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटमुळे खेड्यापाड्यातल्या मुलांच्या हातात ब्रश आला, हे उपकार मोठे आहेत. त्यातून हात स्वच्छ होतो, भूमितीची शिस्त लागते, वेळेत काम संपवता येतं. पण स्मरणचित्राचे पेपर पाहिलेस तर आठवड्याचा बाजार म्हटलं की तेच डावीकडचं वडाचं झाड, त्याच मागच्या टेकड्या, टोपली घेतलेली तीच बाई. ते स्मरण मार्गदर्शिकेतल्या पानाचं असतं. माढेळी असो की शेगाव बुद्रुक, कोणत्याही गावच्या बाजारात असं झाड मध्यावर नेमकं उभं नसतं. तिथे ताडपत्र्या असतात, निळ्या-पिवळ्या, आणि त्यातून गाळून आलेला उजेड भाजीवर पडून टोमॅटोचा रंगच बदलतो. हे कुणी काढत नाही, कारण ते पुस्तकात नाही. अकरावीत तुझं पहिलं काम ही सवय मोडणं. खिशात मावेल अशी वही घे आणि बाजारात, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत उभ्या-उभ्या काढ. अर्ध्या मिनिटाची रेखाटनं, खोडरबर घरी ठेवून. रोज एक रेखाटन कागदाकडे न बघता, फक्त वस्तूच्या कडेवर नजर फिरवत काढ. ते वेडंवाकडं येईल. येऊ दे. त्यात डोळा आणि हात यांची गाठ पडते.

घरी येऊन तोच बाजार आठवून काढायचा, वही न उघडता. मग वहीशी ताडून बघायचा. सीईटीच्या स्मरणचित्राची याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

सामानाचा खर्च हा तू न विचारलेला प्रश्न, पण तो असतोच. २बी, ४बी आणि ६बी पेन्सिली, एक गोल आणि एक चपटा ब्रश, पोस्टर कलर, कार्ट्रिज कागद एवढं विकत घे. कोळसा घरी कर. तुरीच्या वाळलेल्या, बोटापेक्षा बारीक, सरळ तुराट्या साल काढून वीतभर तोड. झाकण घट्ट बसेल अशा लोखंडी किंवा पत्र्याच्या डब्यात त्या दाटून भर, झाकणाला खिळ्याने एक भोक पाड आणि डबा चुलीच्या निखाऱ्यात ठेव. भोकातून धूर येईल, कधी त्या धुराला ज्योत लागेल. धूर पूर्ण थांबला की डबा बाहेर काढ, पण गार होईपर्यंत उघडू नको. गरम असताना हवा लागली की कोळसा पेट घेतो आणि राख होते. हा कोळसा मऊ असतो, बोटाने पसरतो, आणि मोठ्या कागदावर छाया-प्रकाश शिकायला विकतच्या कांडीइतकाच चालतो.

रंगही करून बघ, पैसे वाचवायला म्हणून नव्हे, रंग म्हणजे काय ते कळायला. गेरू, पिवळी माती आणि दिव्याची काजळी घे. माती पाण्यात कालवून जाड खडे खाली बसू दे, वरचं गढूळ पाणी फडक्यातून गाळ आणि वाळव. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळून घे आणि त्यात ही भुकटी काचेवर घोट. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर भेगा पडतात. पळसाच्या फुलांचा केशरी रंगही काढ, आणि त्याने रंगवलेला अर्धा कागद पुस्तकात दाबून ठेव, अर्धा उन्हात खिळवून ठेव. काही आठवड्यांनी दोन्ही शेजारी धर. फुलाचा रंग उडालेला दिसेल, गेरूचा मात्र तसाच राहील.

हे केलंस की अजिंठा तुला वेगळा दिसेल. तिथला तांबडा आणि पिवळा मातीचा, काळा काजळीचा, हिरवा खनिजाचा. निळा मात्र बाहेरून आणलेल्या लाजवर्दी दगडाचा. भिंतीचा गिलावा मातीत धानाचा भुसा आणि गवताचे तंतू कालवून केलेला, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो वाळल्यावर रंगकाम. तुझ्या गावात मातीची भिंत लिंपताना आजी मातीत भुसा का मिसळते ते तिला विचार. माती वाळताना आकसते आणि फाटते, भुसा तिला धरून ठेवतो. हेच कारण लेण्यातल्या गिलाव्याचंही आहे. आणि सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात दान देणारा म्हणून ज्याचं नाव आहे तो वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री होता. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशिम. अजिंठ्याचा प्रश्न आला की विदर्भातली मुलं परक्या गावाबद्दल लिहावं तसं लिहितात, याचं मला फार वाईट वाटतं.

अजिंठ्याबद्दल आणखी एक. जे. जे. स्कूल १८५७ साली मुंबईत सुरू झालं, मिलेचं चित्र लागलं त्याच वर्षी. तिथल्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. लंडनला पाठवलेल्या त्यातल्या पुष्कळ प्रतिकृती १८८५ च्या आगीत जळाल्या. पाश्चात्त्य पद्धतीचं वस्तुचित्र शिकणारी आपलीच मुलं वर्षानुवर्षं त्या अंधाऱ्या लेण्यांत बसून अगदी वेगळ्या रेषेचा अभ्यास करत होती. तू ग्रेड परीक्षेत जी छाया-प्रकाशाची पद्धत शिकलीस ती पहिली, आणि अजिंठ्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भुवईची रेषा ही दुसरी. पद्मपाणीचं चित्र समोर घे आणि एकदा कोळशाने छायेत काढ, एकदा फक्त ब्रशच्या रेषेत. कोणत्या वेळी चेहरा हाती लागतो ते बघ.

प्रत्यक्ष बघायला लांब जायची गरज नाही. चंद्रपूरला जाशील तेव्हा जटपुरा गेटपाशी थांब. गोंड राजांच्या या कोटाच्या दरवाजांवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. रोज हजारो माणसं त्याखालून जातात. त्याचं रेखाटन कर आणि सिंह हत्तीपेक्षा मोठा का दाखवला असेल, ते प्रमाण शिल्पीला येत नव्हतं की त्याला काही सांगायचं होतं, यावर पानभर लिही. भद्रावतीची विजासन लेणी तुला आणखी जवळ आहेत. तिथे समोर एक लांब दालन आणि दोन बाजूंना दोन, तिन्हींच्या टोकाला बसलेली बुद्धमूर्ती. उजेडातून आत जाताना डोळे सरावेपर्यंत काय दिसतं आणि नंतर काय दिसतं याची नोंद कर. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या मंदिरातली शिल्पं बघायची तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा. शिल्पाला तिरपा उजेड लागतो, दुपारी बाराच्या उन्हात सगळं सपाट होतं.

आणि झाडीपट्टीची, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली, नाटकं. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत गावोगावी होतात, तू पाहतच असशील. जिथे रंगवलेले पडदे अजून लावतात तिथे नाटक सुरू व्हायच्या आधी पुढे जाऊन पडदा बघ. राजवाड्याच्या खांबांच्या रेषा लांब जाऊन कुठे मिळतात? तो बिंदू पडद्यावर नटाच्या डोक्यामागे येतो की बाजूला? तिसऱ्या रांगेतून आणि अगदी कडेच्या जागेवरून महाल तसाच दिसतो का? यथार्थदर्शन, म्हणजे सपाट पडद्यावर जवळ-लांब दाखवणं, शिकायचं इतकं मोठं साधन गावाच्या मैदानात येऊन उभं राहतं आणि आपण त्याला चित्र म्हणून मोजतच नाही. पडदा रंगवणाऱ्याला गाठता आलं तर त्याच्याशी बोल. इतका मोठा कागद नसताना तो मापं कशी वाढवतो हे त्याच्याकडूनच शिकण्यासारखं आहे.

अमूर्त चित्रांसमोर मुली गोंधळतात, तूही गोंधळशील. तिथेही तोच क्रम. वासुदेव गायतोंडे नागपूरला १९२४ साली जन्मले. त्यांचं एखादं चित्र घे आणि 'हे काय आहे' हा प्रश्न बाजूला ठेव. रंग किती थरांत आहे, कुठे पातळ झालाय, नजर कुठे थांबते, कडेला काय होतं, एवढंच लिही. सय्यद हैदर रझा मंडल्याच्या जंगलपट्टीतले, नागपूरच्या चित्रशाळेत १९३९ ते १९४३ शिकले, मग मुंबईला आणि पुढे पॅरिसला गेले. त्यांच्या बिंदूबद्दल पुष्कळ तत्त्वज्ञान छापलेलं सापडेल. ते वाचायच्या आधी काळा गोल कागदाच्या मधोमध काढ, मग थोडा वर सरकवून काढ, मग लहान करून काढ. वजन कसं बदलतं ते तुझ्या डोळ्याला कळू दे. तत्त्वज्ञान नंतर वाच.

लिहिताना मराठीतच विचार कर. रेषा, आकार, छटा, पोत, अवकाश, तोल, लय एवढे शब्द नीट वापरता आले तरी पुष्कळ होतं. आपल्या परंपरेतली षडंगं, म्हणजे चित्राची सहा अंगं, हीही शिक: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य, वर्णिकाभंग. यशोधराने कामसूत्रावरच्या टीकेत ती सांगितली. लेखी परीक्षेत ही सहा नावं पाठ करून उतरवतात. तू प्रत्येक नावापुढे स्वतःच्या वहीतलं एक चित्र लाव, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. वहीत डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर लिखाण, वर तारीख, जागा आणि वेळ. फाडायचं एकही पान नाही.

आता बाबांचा प्रश्न. तो रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर देऊ नको. चित्रं विकून पोट भरणारे थोडे असतात, आणि त्यांनाही वेळ लागतो. शाळेतली कलाशिक्षकाची जागा हा पूर्वी खात्रीचा रस्ता होता. त्यासाठी एटीडी हा कलाशिक्षक पदविका अभ्यासक्रम आजही आहे, पण भरती कधी निघेल याचा भरवसा मी देणार नाही. उपयोजित कला घेतलीस तर जाहिरात, पुस्तकांची मांडणी, पॅकिंगची रचना, ॲनिमेशन अशी कामं मिळतात आणि त्यातली काही गावात राहूनही करता येतात. त्यासाठी संगणक शिकावा लागेल. माझा सल्ला असा, की बारावीत इंग्रजी आणि टक्के दोन्ही सांभाळ, सीईटी दे, नागपूरला पेंटिंग की उपयोजित कला हे तिथल्या मुलांचं काम बघून ठरव. आणि त्याआधी एकदा, महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन असेल तेव्हा, बाबांना सोबत घेऊन नागपूरला जा. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींशी बाबांना स्वतः बोलू दे. कोणत्या गावचे, घरचं काय, खर्च कसा भागवता, हे ते त्यांच्या पद्धतीने विचारतील. त्याच फेरीत अजब बंगला, म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, हेही दाखव. वाकाटकांच्या काळातली शिल्पं तिथे आहेत, आणि तुझी वही तेव्हा सोबत असू दे.